डोळे तेवढे राहिले

बाबगोंडा पाटील आमच्याकडं आले ते फोटो न घेताच आले. माणसं फोटो घेऊन येतात, मोठा करून द्या म्हणतात, मी चौकटी आखून काढतो. निपाणीत पन्नास वर्षं हेच केलं. तंबाखूच्या पुड्यांवरची चित्रं काढली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, गेलेल्या माणसांच्या तसबिरी केल्या. हे मात्र रिकाम्या हातानं आले आणि टोपी काढून बाकावर बसले.

"आमच्या मंडळींची तसबीर पायजे," ते म्हणाले. "चंदना नाव. जाऊन चाळीस वर्सं झाली. एकच फोटो होता. पुराच्या साली वेदगंगा घरात आली, त्यात गेला."

"मग तुम्ही सांगायचं, मी काढायचं," मी म्हणालो.

फोटो नसला तर कसं काढायचं ते मला जोतिबा पेंटरनी शिकवलं, माझ्या गुरूंनी. नात्यातली जिवंत माणसं समोर बसवायची. नाक कुणासारखं होतं? भावासारखं. मग भावाचं नाक घ्यायचं. हनुवटी कुणासारखी? भाचीसारखी. असं थोडं थोडं गोळा करत गेलं की गेलेलं माणूस कागदावर येतं. डोळ्यांचं मात्र ते निराळं सांगायचे. जिवंत माणसाचे डोळे जसेच्या तसे घ्यायचे नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

माझी नात नीलम टॅब घेऊन शेजारी बसली होती. ती बेळगावात चित्रकला शिकून आलेली. आम्ही दोघं मिळून काम करतो. मी पेन्सिलीनं आकार काढतो, ती त्याचा फोटो घेऊन टॅबवर रंग भरते आणि कॅनव्हासवर छापून आणते. लोकांना आता तेच आवडतं.

पाटलांनी मेव्हण्याला आणून बसवलं, त्याचं नाक घेतलं. मेव्हण्याच्या मुलीची हनुवटी घेतली, कपाळ घेतलं. पाटील बघून मान हलवायचे, व्हय, अशीच.

"आणि डोळे?" मी विचारलं.

त्यांनी टोपी हातात फिरवली.

"खरं सांगू? म्या नीट बघितलंच न्हाय कधी. ती वाढायची, म्या ताटाकडं बघायचो."

डोळे तेवढे राहिले. कागदावर दोन पांढऱ्या जागा. त्यातच मला तापानं धरलं आणि मी आठवडाभर अंथरुणात होतो. उठलो तेव्हा तसबीर छापून झाली होती, पाटलांचा मेव्हणा येऊन घेऊनही गेला होता. नीलमनं मला टॅबवर दाखवली. डोळे सुरेख होते. ओळखीचे वाटले.

"कुणाचं घेतलंस गं?"

"माझंच की. सेल्फी काढला आन बसवलं. एवढं सुंदर डोळं दुसऱ्या कुणाचं हायत आपल्या निपाणीत?"

ती हसली. मी हसलो नाही. जोतिबांचं सांगणं तिच्या कानावर घालायला हवं होतं. म्हातारा कायतरी सांगतोय म्हणेल, म्हणून घातलं नव्हतं. चूक माझी.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "आप्पा, डोळं मिटलं की अंधार होतो की न्हाय?"

"व्हय की."

"मला होत न्हाय."

डोळे मिटले की तिला एक खोली दिसायची. वरून, छताजवळून बघावी तशी. भिंतीला लावलेली पोती, एक खाट, खिडकी. खाली एक म्हातारा जेवत असायचा, आणि मधेच मान वर करून तिच्याकडं बघायचा. पाटलांच्या घरी ती कधीच गेली नव्हती.

पाटील जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्याच सांजेला, उजेड होता तोवर, मी तिला डोळे मिटायला सांगितले.

"जेवत्यात," ती म्हणाली. "जोंधळ्याची भाकरी, वांगं... तांब्या लवंडला बघा. पाणी खाटंपतूर गेलं."

मी फोन लावला. पाटलांनी कानडीत 'हेळ्री', म्हणजे बोला, म्हणून घेतला.

"जेवायला बसलाय काय?"

"व्हय. तांब्या सांडला, पुसतोय. का वो?"

"काय न्हाय," मी म्हणालो.

नीलम वाळायला लागली. मिटल्या डोळ्यांसमोर खोली लखलखीत असल्यावर माणूस झोपणार कसा? टॅबमधले डोळे तिनं पुसून टाकले, फरक पडला नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मग उघड्या डोळ्यांनाही तीच खोली दिसायला लागली. पेन हातात घेऊन बसायची आणि रेष भलतीकडंच जायची.

"आप्पा, तुम्ही धूसर दिसताय," एका सकाळी ती म्हणाली. "ती खोली सपष्ट दिसत्या."

मी रंगाची पेटी काढली.

तिला घरीच ठेवलं. दुपारी रिक्षानं मळ्याच्या फाट्यावर उतरलो आणि उसातनं चालत गेलो. पाटील पाणी पाजायला गेले होते, दार नुसतं ओढलेलं. आत जुन्या तंबाखूचा वास, आणि त्याच्याखाली पुराच्या गाळाचा, भिंतीत मुरलेला. लांब कुठंतरी पंप चालू होता. मधल्या दाराच्या वर, छताजवळ, तसबीर होती. माझ्या नातीचे डोळे माझ्याकडं बघत होते.

नीलमला फोन लावला, स्पीकर चालू करून खिशात ठेवला. "दिसतोय का गं?"

"दिसताय. टोपी वाकडी हाय."

कोपऱ्यातलं स्टूल ओढून चढलो, तसबीर उतरवायला हात लावला तशी नीलम कळवळली. "नगो, आप्पा... घर फिरतंय सगळं."

मग तसबीर तिथंच ठेवली. स्टुलावरच रंग कालवला. मनानंच कसले तरी डोळे काढायचे, नीलमचे नसले म्हणजे झालं, असं ठरवून आलो होतो. बारका ब्रश उजव्या डोळ्याशी नेला, आणि पंप बंद पडला. वीज गेली असावी. इतकं शांत झालं की खिशातला नीलमचा श्वास ऐकू यायला लागला.

"आप्पा..."

"काय?"

"पाटलांच्यात बाईमाणूस हाय काय कोण?"

"न्हाय. एकटंच असत्यात."

"मग तुमच्या मागं कोण हुबं हाय?"

मी वळलो नाही. हातातला ब्रश ओला होता. वळलो असतो तर रंग ओघळला असता, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

"काय करत्यात?"

"काय न्हाय... तुमच्या हाताकडं बघत्यात."

"तोंड कसं हाय?"

"आपण काढलंय तसंच."

"आन डोळं?"

ती अगदी हळू म्हणाली, "हायत."

"मग तू सांगायचं, मी काढायचं."

तिनं सांगितलं. बारीक. बाहेरच्या अंगाला खाली उतरलेले. बुबुळ काळं नाही, चहाच्या रंगाचं. डाव्या पापणीवर भाजल्याचा बारका वण. मी काढत गेलो. पन्नास वर्षांत हात कधी एवढा स्थिर नव्हता. उजवा डोळा झाला आणि नीलम म्हणाली, "अर्धी खोली गेली, आप्पा."

डावा घेतला. टर्पेंटाइनचा वास येत होता तो थांबला. त्याच्या जागी ताज्या भाकरीचा वास आला. त्या घरात चूल पेटलेली नव्हती.

"जवळ आल्यात..."

"किती?"

"तुमच्या खांद्याला लागून. आता हाताकडं न्हाय बघत... माझ्याकडं बघत्यात."

मी पापणीवरचा वण ओढला.

"काळोख झाला," नीलम म्हणाली, आणि रडायला लागली. लांब पंप पुन्हा चालू झाला.

पाटील चिखलाच्या पायांनी दारात आले. वर बघितलं, मान खाली घातली, परत वर बघितलं.

"हीच," ते म्हणाले.

"तुम्ही तर बघितलं न्हाय म्हणत होता."

"आता वळखलं." आणि ते खाटेवर बसले, तसबिरीकडं तोंड करून.

त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवसाच्या सांजेपर्यंत नीलम झोपली. आता तिला चांगलं दिसतं. आम्ही मुलांच्या एका पुस्तकाची चित्रं घेतलीत. मी खिडकीशी स्टुलावर बसून पेन्सिलीनं काढतो, ती समोरच्या टेबलावर रंग भरते. माझ्या पाठीमागं भिंतीपर्यंत दोन माणसं सहज जातील एवढी जागा आहे.

चहा घेऊन ती माझ्या मागून येते तेव्हा ओढणी गोळा करते, तिरकी होते आणि भिंतीला घासून, अंग चोरून जाते.

काल मी विचारलं, "अशी का गं जातीस?"

"कशी?" ती म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

मी मागं वळलो नाही. हातातली पेन्सिल कागदावर टेकलेली होती.