आपट्याहून दोन ठोके

मी एफ्राइम, रेल्वेचा निवृत्त स्टेशन मास्तर. भुताखेतांच्या गोष्टी मला सहन होत नाहीत, तेव्हा घडलं तेवढंच सांगतो.

खांदा कॉलनीतल्या शाळेच्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन होतं, शनिवार-रविवार. माझं मॉडेल बावीस फुटांचं. या टोकाला पनवेल, त्या टोकाला आपटा, मध्ये एकेरी लाइन आणि प्लास्टरच्या डोंगरातला बोगदा. पनवेल मी चालवायचो, आपटा माझी बायको शुलामिथ. दोन्हीकडे एकेक घंटा. पलीकडून होकार आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा खऱ्या रेल्वेचा नियम आम्ही घरातही पाळायचो. दोन ठोके म्हणजे "लाइन मोकळी आहे का?" तेच दोन ठोके परत आले की होकार. तीन म्हणजे गाडी निघाली, चार म्हणजे पोचली.

शुलामिथ फेब्रुवारीत गेली. लोक येऊन बसले, उठून गेले. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. आमची एकुलती एक मुलगी लियोरा मला न्यायला इस्राएलहून आली होती. सोमवारी पहाटेचं विमान. "पप्पा, या खेपेला नाही आलात तर मी पुन्हा न्यायला येणार नाही," असं तिने बजावलं होतं, आणि ती माझीच मुलगी, बोलेल तसं वागणारी. मॉडेल रविवारी संध्याकाळी शाळेला देऊन टाकायचं ठरलं होतं.

शनिवारी आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. त्या दिवशी गाड्यांना हात लावायचा नाही, हे शुलामिथचं फर्मान. म्हणून मॉडेलवर चादर घालून मी घरी बसलो. रविवारी सकाळी हॉलचा वॉचमन रामू म्हणाला, "काका, तुमची घंटी काल दिसभर वाजत व्हती. दोनदा वाजं, मग गप. परत दोनदा."

"चादर कोणी काढली होती?"

"नाय. हात पन नाय लावला कोनी."

पोरांचे उद्योग असतील म्हणून मी वैतागलो. पण दोन घंटांना जोडणारी तार मी या वेळी लावलीच नव्हती. दोन्ही टोकं एकट्यालाच सांभाळायची, तर घंटा कोणासाठी वाजवायची?

दिवसभर गाड्या चालवल्या. माणसं आली, मोबाइलवर शूटिंग करून गेली. आपट्याला पोचलेली गाडी मीच चालत जाऊन वळवत होतो. पावणेपाचला हॉल रिकामा झाला. शेवटची गाडी यार्डात लावली आणि लियोराने भिंतीवरचं बटण बंद केलं. घंटेचा करंटही त्याच बटणावर होता.

तेव्हा माझ्यासमोरच्या घंटेवर दोन ठोके पडले.

मी दोन ठोके परत दिले.

विचार केलाच नाही. अडतीस वर्षं हात तेच करत आला होता. लियोरा हसली, "जित्याची खोड," म्हणाली. मग तिला भिंतीवरचं बटण आठवलं असावं. ती हसायची थांबली.

तीन ठोके आले. गाडी निघाली होती. मी तेही परत दिले.

"पप्पा, चला. बॅगा भरायच्यात अजून."

"लाइन क्लिअर दिलाय मी. गाडी पोचेपर्यंत मास्तरने जागा सोडायची नसते."

"कुठली गाडी? सगळ्या यार्डात आहेत. मोजा."

मी मोजल्या. सगळ्या होत्या.

"आपट्याला कोणी नाहीये, पप्पा."

मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर काहीच वाटत नव्हतं. फक्त उठता येत नव्हतं.

सहा वाजले. रामू किल्ल्या घेऊन दारापर्यंत आला, आमच्याकडे बघितलं आणि आत न येता मागे फिरला.

लियोरा डोंगराशी गेली. वाकून तिने बोगद्याच्या तोंडाशी रुळावर बोट टेकवलं. गाडी येत असली की रूळ आधी थरथरतो. तिने बोट उचललं नाही.

मग तिने रात्री विमानतळावर न्यायला येणाऱ्या टॅक्सीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, एक खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली.

"आई नेहमीच इतका वेळ लावायची?" तिने हळूच विचारलं.