तिसरं मत

ही रचलेली गोष्ट नाही. रचायची असती तर मी रात्र निवडली असती आणि घर रिकामं ठेवलं असतं.

हे घडलं शनिवारी, भर दुपारी, जेवणं नुकतीच आटोपली असताना. खोलीत माणसं भरलेली होती. त्यातल्या दोघांना मी नंतर भेटलो. दोघांच्या सांगण्यात काडीचा फरक नाही.

घडलं माझ्या साडूंच्या बाबतीत. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. आता दोघीही नाहीत. थोरलीला, म्हणजे साडूंच्या बायकोला, आम्ही सगळे ताई म्हणायचो.

साडू शिकवतात. नवशिक्यांना नाही. सर्व्हर सांभाळता सांभाळता केस पिकलेली माणसं त्यांच्याकडे येतात. दवाखान्यांतली, बँकांतली, पाणीपुरवठ्यातली. चालू सर्व्हर सांभाळणं त्यांना झोपेतही जमतं. पण मुळात किती ठेवायचे, कुठे ठेवायचे, एक पडला तर दुसऱ्यानं काय करायचं, हे आधीच कसं आखायचं ते साडू शिकवतात. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितात, 'नुसतं वाटून चालत नाही. तपासा.'

हा वर्ग त्यांनी आणि ताईनं मिळून उभा केला होता. दोन सर्व्हर शेजारीशेजारी, मध्ये एक तार. एकात लिहिलेलं दुसऱ्यात उतरतं. दोघं एकमेकांना सतत निरोप पाठवतात, मी आहे, मी आहे. ताईनं डावीकडच्यावर पट्टी चिकटवली होती, 'हे'. उजवीकडच्यावर, 'मी'. दर बॅचला कुणीतरी त्यावर हसायचंच.

तिसरं एक छोटं यंत्र. त्याला म्हणतात साक्षीदार. त्यात माहिती काहीच नसते. दोघांमधली तार तुटली की कुणा एकाला मत द्यायचं, एवढंच त्याचं काम. तिघांपैकी दोन मतं ज्याची, तो चालू राहतो.

"तार तुटली की समोरचा मेला, का आपणच तुटलो, हे त्या सर्व्हरला स्वतःहून कळत नाही," साडू सांगायचे. "म्हणून तिसरा लागतो. आणि तो त्याच खोलीत ठेवायचा नाही. खोलीच जळाली तर?"

म्हणून ताईनं साक्षीदार घरी ठेवला होता. झोपायच्या खोलीत, कपाटावर. डब्याएवढं जुनं यंत्र. पंख्याचं एक पातं तुटलेलं, त्यामुळे चालू असलं की टिक... टिक... वाजायचं. "हे वाजलं नाही तर मला झोप येत नाही," असं ताई म्हणायची.

ती गेली त्या आठवड्यात साडूंनी त्याची पिन काढली. तो आवाज त्यांना ऐकवेना.

तेव्हापासून वर्गातल्या पडद्यावर दोन सर्व्हरचे दोन गोल हिरवे आणि साक्षीदाराचा तिसरा लाल. साडूंनी त्याचाही धडा केला. साक्षीदार नसताना तार काढली तर दोन्ही सर्व्हर थांबतात. एकट्याच्या मतावर कुणी चालू राहायचं नाही, असा नियमच आहे.

ती बॅच शेवटची होती. घर सोडून मुलीकडे राहायला जायचं ठरलं होतं. "आता मीही थांबतो," ते मला फोनवर म्हणाले. कसलं थांबणं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या शनिवारी ते तार काढायला उठले.

"सर, म्हणजे एकीनं अबोला धरला की सासूही बंद आणि सूनही बंद?" पाणीपुरवठ्यातला एक जाडजूड माणूस म्हणाला. त्याला सगळे दादा म्हणत.

"आमच्याकडे तिसरं मत शेजारीण देते," दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या. "न विचारता."

वर्ग हसला. साडूही हसले. आणि त्यांनी तार ओढली.

'मी' थांबला. त्याचा गोल विझला.

सगळे 'हे' थांबायची वाट बघत राहिले...

तो थांबला नाही.

आणि मग तिसरा गोल... हिरवा झाला.

"सर," बाई म्हणाल्या, "तुमचा तिसरा बंद आहे ना?"

"सरांनी गंमत केली राव," दादा म्हणाला. "घरी कुणाला तरी पिन लावायला सांगितली असणार."

घरी मुलगी सामान बांधत होती. साडूंनी तिला फोन लावला. फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. सगळ्या वर्गानं ऐकलं.

"अगं, कपाटावरचं यंत्र कुठंय?"

"खोक्यात, बाबा. सकाळीच बांधलं. चिकटपट्टी लावून दाराशी ठेवलंय."

"त्याची वायर?"

"वेगळी काढलीय. ही काय, माझ्या हातात आहे. का हो?"

"जरा खोक्याजवळ जा."

तिच्या चपलांचा आवाज आला. मग तोही थांबला.

"बाबा... हे टिकटिक कसलं?"

तिनं फोन खोक्यावर ठेवला असावा.

टिक... टिक... टिक...

पडद्यावर 'हे' चालूच होता. कुणीतरी त्याला मत देत होतं. चालू राहा, म्हणत होतं.

बाई उठून साडूंजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "सर, राहू द्या. उघडायला सांगू नका."

साडूंनी पडद्याकडे बघितलं. फळ्याकडे बघितलं.

"तपासायला तर हवं," ते म्हणाले. जन्मभराची सवय. "उघड गं."

चिकटपट्टी फाटल्याचा आवाज आला.

टिक... टिक...

टिक...

मग काहीच नाही.

पडद्यावर तिसरा गोल लाल झाला. त्याच क्षणी 'हे' थांबला.

"बाबा, बंद आहे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "पण गरम आहे हो. आत्ता कुणी मांडीवरून खाली ठेवावं, इतकं गरम आहे."

"झाक," साडू ओरडले. "झाक ते! परत झाक!"

तिनं झाकलं. बराच वेळ दोन्हीकडे सगळे कान लावून बसले.

काही वाजलं नाही.

दादानं संध्याकाळपर्यंत सगळं उलटंपालटं करून बघितलं. तार, पडदा, घरची लाइन. काही सापडलं नाही.

साडूंनी घर सोडलं नाही. शिकवणंही सोडलं नाही. दर बॅचला तार स्वतःच ओढतात. दोन्ही सर्व्हर थांबतात, थांबायलाच हवेत. पण ते पडद्यासमोर गरजेपेक्षा जास्त वेळ उभे राहतात. फळ्यावरचं ते वाक्य मात्र आता लिहीत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, "ते तुम्हाला येतंच."

मध्यंतरी मी त्यांच्याकडे गेलो होतो. खोका परत कपाटावर आहे. नवी चिकटपट्टी लावलेली. दुपारी मी त्या खोलीत आडवा झालो. डोळा लागत होता...

टिक...

मी पडल्या पडल्या मान वळवली. साडू दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांचं तोंड मी कधी तसं बघितलं नव्हतं.

"साडूभाऊ," ते अगदी हळू म्हणाले, "वर बघू नका."

मी बघितलं नाही. दोघंही भिंतीकडे तोंड करून राहिलो, बराच वेळ. नंतर त्यांनी चहा टाकला.

पंखा असेल, घड्याळ असेल, घर जुनं आहे. मी स्वतःला खूप समजावतो.

माझ्या घरी माझ्या बायकोनं वाजणारं असं काहीच ठेवलेलं नाही. तरी हल्ली दुपारी मी रेडिओ लावत नाही.