सुटलेलं शिसं

"माती उकळतेय!" लंबू ओरडला.

मामांच्या परसात तंबूची खुंटी ठोकायला त्याने नेमकी भिंतीलगतची जागा निवडली होती.

"थापा मारू नकोस!" म्हणत ढापण्या चष्मा सावरून वाकला. पण खरंच! ओल्या मातीतल्या चुन्याच्या खड्यांवर बारीक बुडबुडे फुटत होते. आजूबाजूला गवताचं पातं नव्हतं, गांडूळ नव्हतं. जवळच मामांचा पालक मात्र डोलत होता.

"हात लावू नका!" ताईने दोघांना मागे ओढलं.

मामांची तीन वर्षांची चिऊ रोज तो पालक खायची. गेले पंधरा दिवस तिचं पोट दुखत होतं.

तिघांनी धावतच जाऊन मामांना उकळणारी माती सांगितली आणि पालकात विष तर नाही ना, असं विचारलं. मामा हसले. "अरे, पूर्वी इथे रंगाचा कारखाना होता. मातीत शिसं आहेच. पण ते चुन्याशी बांधलेलं, पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. मुळांना ते सहजी मिळत नाही. हा बघा तपासणीचा अहवाल, फ्रेम करून लावलाय!"

"तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे, मामा," ताई म्हणाली. "भिंतीपलीकडे दुकान कधी आलं?"

"बॅटरीवाल्यांचं? गेल्या वर्षी."

ताई भिंतीवरून डोकावली. बॅटरीवाले काका भिंतीच्या बुडाशी बादली रिकामी करत होते.

"काका, काय ओतताय?"

"जुन्या बॅटरीतलं पाणी गं! तण जळून जातं. फुकटचं औषध!"

"शाळेच्या प्रयोगासाठी या निळ्या लिटमस कागदावर एक थेंब टाकाल?" ताईने खिशातून कागद काढला.

"घे की!" काका खुशीत म्हणाले.

कागद लालभडक झाला. ढापण्याने दुसरा कागद काडीने पालकाखालच्या ओल्या मातीला टेकवला. तोही लाल!

मामांचा चेहरा उतरला. "आम्ल! म्हणजे बांधलेलं शिसं सुटलं... मुळांवाटे पानांत..."

"चिऊ!" लंबू किंचाळला.

वाफ्यात बसलेल्या चिऊच्या ओठाशी पान होतं. लंबूने झेप घेऊन ते हिसकावलं. चिऊने भोकाड पसरलं.

रक्ततपासणीत शिसं निघालं. "अजून महिनाभराने आणलं असतंत, तर..." डॉक्टरांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, पोरांनो!"

बॅटरीवाले काका मान खाली घालून आले. "पोरांनो, तुम्ही माझे डोळे उघडलेत." त्यांनी आम्ल ओतणं बंद केलं. वाफा उपटला गेला, माती उचलायला माणसं आली.

मामांनी फ्रेममधून अहवाल काढला आणि तिथे तो लाल कागद लावला. खाली तारीख लिहिली, आजची.