उष्टा नंबर

चिमीला कशाचीच घाण वाटत नाही, असं तिच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलींचं मत होतं. आणि तिला सगळ्याचीच घाण वाटते, असं तिच्या आईचं. दोन्ही खरं होतं. चिमी कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून आलेले हिरड्यांचे ठसे, प्लास्टर, मेण, ओळीने मांडलेले सुटे दात, या सगळ्यात ती बिनदिक्कत वावरायची. म्हाताऱ्यांच्या तोंडात बोटं घालून कवळी बसवायची आणि त्यांना ‘ताट, दात, सात’ म्हणायला लावायची. त आणि द स्वच्छ उमटले, की वरचे दात जागेवर बसले. कोणाचा नुसता फोन आला तरी समोरच्या तोंडात काय आहे आणि काय नाही, हे ती सांगू शकायची.

पण उष्टं म्हटलं की संपलं. दुसऱ्याने तोंड लावलेला पेला, दुसऱ्याच्या ताटातला घास, दुसऱ्याच्या कानाला लागलेला फोनसुद्धा. चाळिशी उलटली तरी नाक मुरडायची सवय गेली नव्हती. त्याचं मूळ तिला ठाऊक होतं. लहानपणीच्या एका आजारात आईने भाताचा घास स्वतः चावून, मऊ करून तिच्या तोंडात घातला होता. तो कोमट, बुळबुळीत गोळा तिच्या जिभेला अजून आठवायचा. आई मात्र ते हसत हसत सांगायची. “लेकराचं उष्टं आईला चालतं, पण आईचं लेकराला चालत नाही. बघा, हा न्याय!”

आता आईला उजेड आणि अंधार एवढाच कळत होता. दात सगळे गेले होते, पण तोंडात चिमीने बनवलेली कवळी होती, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून दाखवण्यात आईला भारी अभिमान. अशा आईला एकटं ठेवून चिमीला नव्या यंत्राचं काम शिकायला परदेशी जायचं होतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली. त्या सकाळ-संध्याकाळ जेवण घेऊन येणार होत्या. बाकी कोणालाही दार उघडायचं नाही, असं ठरलं.

“आणि तू आलीस की?”

“मी हाक मारीन ना. माझा आवाज ऐकलास की उघड.”

“तुझा आवाज मी झोपेतही ओळखीन,” आई म्हणाली.

परक्या देशात उतरल्यावर पहिला घोळ फोनचा झाला. रोमिंग आधीच सुरू करून घेतलं होतं, पण फोन आपला नेटवर्क शोधत बसला तो बसलाच. आईकडे मोठ्या बटणांचा साधा फोन, त्यामुळे इंटरनेटवरून बोलायचीही सोय नाही. विमानतळावरच्या दुकानात नव्या प्रीपेड सिमसाठी पासपोर्ट, राहण्याचा पत्ता आणि पत्त्याचा कागद मागितला, आणि सिम सुरू व्हायला उद्याचा वायदा केला. आई तिकडे फोन मांडीवर घेऊन बसली असणार. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी चिमी मुक्कामाच्या जागेमागच्या गल्लीत एका टपरीसमोर उभी राहिली.

टपरीवाल्याच्या गालात काहीतरी होतं आणि ते तो सावकाश चघळत होता. चिमीच्या मोडक्यातोडक्या बोलण्यातून त्याला एवढं कळलं की घाई आहे.

“हे चालू सिम आहे. बाहेरच्या देशात बोलायची मिनिटं भरलेली आहेत,” तो म्हणाला. “एकाने परत दिलंय.”

“परत का दिलं?”

त्याने खांदे उडवले. चिमीचा फोन घेऊन तो कडेचा ट्रे सुईने उघडू लागला. दोन्ही हात गुंतले होते, म्हणून सिम त्याने ओठांत धरलं. ट्रे निघाला, तेव्हा ते ओठांतून काढून, चड्डीला पुसून आत बसवलं. खोलीवर गेल्यावर चिमीने सिम बाहेर काढून स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, मग फोन पुसला, मग हात धुतले, आणि तरीही तो कानाला लावताना अंगावर काटा आला. उष्टं सिम, उष्टा नंबर, आणि आत कोणाची तरी उरलेली उष्टी मिनिटं.

आईचा आवाज मात्र खणखणीत आला. काकू, औषधं, नळाचं पाणी, सगळं बोलून झालं. पण त्या बोलण्याच्या खाली काहीतरी वाजत होतं. कोणीतरी तोंड उघडं ठेवून चावत असावं तसं. मच्. मच्. मच्.

“आई, खाते आहेस का काही?”

“छे गं. तूच खातेयस ना? मला मघापासून ऐकू येतंय. तोंडात घास घेऊन बोलू नये, चिमे.”

चिमीने लाइनला दोष दिला आणि विषय बदलला. “कवळी नीट बसते ना? झोपताना काढून पाण्यात ठेवतेस ना?”

कवळीचं नाव निघालं आणि चावण्याचा आवाज थांबला. आई कवळीचं कौतुक सांगत राहिली, ती काढायची कशी, घालायची कशी, तिने आता कडक पावही कसा तुटतो. तेवढा वेळ लाइन अगदी स्वच्छ होती.

“बरं, येते गं,” चिमी म्हणाली आणि फोन ठेवला. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे आईने तिच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं, की चुकून आलेल्या फोनलाही ती ‘येते’ म्हणूनच निरोप द्यायची. कामावरच्या मुली त्यावरून तिची थट्टा करायच्या.

दुसऱ्या दिवशी यंत्र शिकायच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. पडद्यावर नंबर नव्हता. चिमीने उचलला, तर पलीकडे नुसता ओला श्वास. तिने इथल्या भाषेत, मग इंग्रजीत, शेवटी वैतागून मराठीत विचारलं.

“कोण बोलतंय?”

“होण... बोयहंय,” पलीकडून आलं.

शब्द तिचेच होते, पण चावून चोथा झालेले. तोंडात एकही दात नाही, हे तिला तत्काळ कळलं. हिरडीवर हिरडी आपटल्याचा तो मऊ, पाणचट आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा होता. सिमच्या जुन्या मालकाची कोणी म्हातारी नातेवाईक असेल, बिचारी माणूस शोधत असेल, असं समजून चिमीने दोनदा ‘राँग नंबर’ म्हटलं. आणि सवयीने, काही विचार न करता, पुढे जोडलं, “बरं, येते.”

मग कोणीतरी लाळ गिळली.

“येए,” पलीकडचं तोंड म्हणालं. “येए. येए.”

फोन कानापासून काढला तेव्हा कानाची पाळी ओली होती. घाम, चिमीने स्वतःला सांगितलं. मग तिने बोट नाकाशी नेलं. कवळी काढून ठेवलेल्या पेल्यातलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की जसा वास येतो, तसा वास होता. तिने जेवण तसंच टाकलं आणि कातडी लाल होईपर्यंत कान धुतला.

त्यानंतर फोन येतच राहिले. हात धुवून मागे लागणं काय असतं ते चिमीला तिथे कळलं. ती उचलत नव्हती, तरी फोनच्या आवाजाच्या भोकांतून काहीतरी पाझरायचं. पुसलं की लाळेसारखी तार निघायची. शेवटी तिला यंत्र शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने विचारलं, तुम्हाला होतंय तरी काय? सारा जन्म कवळ्यांत घालवलेला माणूस. चिमीने काही न सांगता पुढचा फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

मच्. मच्. “येए.”

कारागीर मान तिरपी करून ऐकत राहिला.

“वरचे दात नाहीत. खालचे नाहीत,” तो म्हणाला. मग कपाळाला आठी पडली. “पण हिरडी... हिरडी संपतच नाही. एवढ्या मोठ्या तोंडाचा ठसा मी कधी घेतलेला नाही.”

फोनला त्याने बोटही लावलं नव्हतं. तरी तो उठून हात धुवायला गेला, आणि परत आल्यावर चिमीपासून जरा लांबच बसला.

त्याच संध्याकाळी आई फोनवर म्हणाली, “दुपारी बोललीस तेव्हा पुन्हा तुझ्या तोंडात घास होता हं. किती वेळा सांगायचं?”

“दुपारी मी फोन केला नव्हता, आई.”

“केलास की. कवळीबद्दलच विचारत होतीस सारखी. कुठे ठेवतेस, कधी काढतेस. मला तर निम्मं कळलंच नाही, नुसतं बुळूबुळू.”

“आई, तो फोन उचलू नकोस. दार तर मुळीच उघडू नकोस.”

“आणि तू आलीस तरी?”

खुणेचा एखादा शब्द ठरवावा असं चिमीच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात लाइनमध्ये चावणं थांबलं. कोणीतरी कान देऊन ऐकत होतं. चिमीने शब्द गिळला आणि फोन बंद केला.

ट्रे उघडला तर सिम निघेना. नखाने ओढलं तेव्हा ते आलं, पण कडक प्लास्टिकसारखं नाही. ते मऊ झालं होतं, चघळून चघळून पांढरं पडलेल्या च्युइंगगमसारखं. त्याच्यामागोमाग एक जाड, कोमट तार फोनमधून बाहेर आली आणि चिमीच्या मनगटावर पडली.

ती मोरीत ओकली. पोट रिकामं झालं तरी ओकत राहिली. सिम कात्रीने कापलं, कागदात गुंडाळलं, आणि रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकलं. तेवढ्यावर सुटले, असं तिला खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फोनवरून तिने घरचा नंबर लावला.

“आता काय परत?” आई हसत म्हणाली. “आत्ताच तर येते म्हणालीस.”

“कुठे येते?”

“कुठे म्हणजे? घरी. निघाले म्हणालीस ना.”

“आई, ती मी नाही! ऐक माझं. दाराला आतून कडी लाव. कोणीही हाक मारली तरी—”

“चल, चावट. मला माझ्या लेकीचा आवाज कळत नाही होय?” आणि आईने फोन ठेवला. पुन्हा लावला तर लाइन व्यस्त. कोणाशी तरी बोलत होती.

चिमीने काकूंना फोन लावला. त्या बाजारात होत्या. “अगं, तूच तर मघाशी सांगितलंस,” काकू म्हणाल्या, “मी येतेय, आता तुम्ही दोन दिवस जेवण आणू नका म्हणून. किल्ली तेवढी पायपुसण्याखाली ठेवायला लावलीस, ठेवली मी. बरी आहेस ना? जीभ भाजलीय का तुझी?”

काकूंना तिने धावत घरी जायला सांगितलं. त्या ‘बरं, बघते’ म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात काळजी होती ती चिमीची, आईची नाही.

मिळेल त्या विमानाने चिमी निघाली. वाटेत तिने पाणीसुद्धा प्यायलं नाही. घराच्या जिन्यावर पोचली तेव्हा टळटळीत दुपार होती, कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होत होती, आणि सगळं इतकं नेहमीचं होतं की तिला क्षणभर स्वतःचंच हसू आलं.

दाराला कडी लावलेली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत तो वास होता.

आई टेबलाशी बसली होती. धडधाकट, केस विंचरलेले, पुढ्यात ताट. चिमीने भिंतीला हात टेकला. आई जिवंत होती, एवढंच तिला पुरेसं होतं.

“आलीस?” आई म्हणाली. “ये, बस. मी जेवूनच घेते.”

आवाज वेगळा आला. फुसफुशीत. चिमीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. गाल आत गेले होते.

“आई, कवळी कुठे आहे?”

“घे! तूच मागून घेतलीस ना. बघू, घालून बघते म्हणालीस.”

चिमीची नजर ताटावर गेली. ताटात भाताचे गोळे होते. गुळगुळीत, चकाकणारे, एकमेकांना तारांनी चिकटलेले. एकेका गोळ्यावर जिभेची रेघ होती. आईने चाचपडत एक उचलला, तोंडात घातला आणि न चावताच गिळला.

“थुंक. आई, थुंक ते!”

“का गं? मला दात नाहीत म्हणून तूच बसून एकेक घास चावून ठेवलास. केवढा वेळ चावत होतीस.” आई बिनदातांचं हसली. “लहानपणी तुला किळस यायची. मी म्हटलं, लेकराचं उष्टं आईला चालतं.”

चिमीने ताट ओढून घेतलं. ते तळाशी कोमट होतं.

“ती कुठे गेली?”

“कोण ती?” आईने ओठांवरून जीभ फिरवली. “कवळी घातल्यावर किती स्पष्ट बोलायला लागलीस गं. जाताना कसं छान, स्वच्छ ‘येते’ म्हणालीस. म्हणून तर दार लोटूनच ठेवलंय.”