दोन अंशांची ऊब

“हलू नका... तुमच्या कॉलरवर माझा भुंगेरा बसलाय.”

काचघराच्या दारात मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तो जागच्या जागी थिजला. भुंगेरा मी चिमटीत अलगद उचलला, आणि बोटं उगीचच त्याच्या मानेला लागली. उगीचच म्हणजे... असो.

संशोधन केंद्रात प्रयोगासाठी तो तण वाढवायचा आणि मी ते खाणारे भुंगेरे. बाहेरून आलेल्या त्या तणानं तळ्याकाठची कुरणं गिळली होती, आणि हवा तापेल तसं ते आणखीनच माजत होतं. वाढत्या उन्हाळ्यात माझे भुंगेरे तग धरतात असं दिसलं, तरच ते तिथं सोडायला मिळणार होते. तो त्यांना खादाड म्हणायचा, मी त्याच्या तणाला आगाऊ. रोज जुंपायची. ज्या दिवशी जुंपायची नाही, त्या दिवशी मला करमायचं नाही.

दोन अंश जास्त तापवलेल्या खोलीत अंडी लवकर फुटली. तण मात्र दिवस मोठा झाल्याशिवाय पान फोडत नाही. अळ्या उपाशी, आणि वरून काही द्यायचं नाही हा नियम. माझ्याही घशाखाली घास उतरेना.

आठवड्यानं बघते तर अळ्या गुटगुटीत! केंद्राच्या प्रमुख मॅडमना सांगायला मी धावतच निघाले, तर वाटेत हा आडवा आला. चेहरा पार उतरलेला.

“नका सांगू. पानं मी टाकली... दिवे लावून मी दिवस मोठा केलाय, त्या रोपांची.”

माझं डोकंच फिरलं. अख्खा हंगाम पाण्यात गेला होता. का, एवढंच मी विचारलं.

“तुम्ही रोज डबा तसाच परत न्यायचात. मला बघवेना.”

तो गप्प बसला असता तर माझी वाहवा झाली असती, आणि तळ्याकाठी भुंगेरे भुकेनं मेले असते. हे कळलं तसा राग ओसरत गेला. जे उरलं ते प्रेम होतं, दुसरं काही नव्हतं. मी बाकावर बसले आणि डबा उघडला.

“आता सगळं पहिल्यापासून. आणि खोलीची किल्ली माझ्याकडे.”

“पण तुम्ही परत उपाशी राहिलात तर?”

“तर मला भरवा. अळ्यांना नाही.”

तो हसला नाही. शेजारी बसून त्यानं पहिला घास माझ्यापुढे धरला. मी तो खाल्ला, आणि त्याचा हात धरून ठेवला.