एस्थरबाईचे डोळे

हमरापूरचा नाथा म्हणजे गणपतीचे डोळे काढणारा माणूस. तीस वर्षं हेच काम. आमच्याकडं त्याला आखणी म्हणतात, आणि आखणी करणारा हा कारखान्यातला राजा. बाकीचे साचे भरतील, घासतील, अंगाला रंग देतील. पण बुबुळातला शेवटचा पांढरा ठिपका पडत नाही तोवर मूर्ती काही बघत नाही, असं आपलं मानतात. नाथाला त्याचा भारी तोरा. चहाला बसला तरी ब्रश कानावर. आणि बिनडोळ्यांची मूर्ती कारखान्यातून बाहेर गेलेली त्याला खपायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

दिवाळी झाली की कारखान्यात काम मंदावतं. त्याच सुमाराला पेणच्या जुन्या कलासंग्रहालयाची दुरुस्ती निघाली. छप्पर गळत होतं, भिंतींना ओल धरली होती, म्हणून लोकांसाठी दार बंद. आतले प्लास्टरचे पुतळे धुवायचे, टवके उडालेत तिथं भरायचं, या कामाला नाथाला बोलावणं आलं. मदतीला त्यानं शेजारच्या मालूला नेलं. मालूचा नवरा जाऊन चार वर्षं झालेली. घासकामात तिचा हात बसलेला, तोंडानं मात्र कमी. “नाथाभाऊ, तुमच्यामुळं लागले बघा कामाला,” हे तिनं पहिल्याच दिवशी रिक्षात दोनदा म्हटलं. नाथा खूश.

चौथ्या दिवशी संग्रहालयाच्या अपेक्षा मॅडमनी दोघांना मागच्या खोलीत नेलं. धूळ जाऊ नये म्हणून खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं. उजेड आत यायचा तोही ताकासारखा पांढुरका. ओल्या चुन्याचा वास. छपरावरच्या कामगारांचे आवाज इथं पोचत नव्हते. मधल्या टेबलावर एका बाईचा छातीपर्यंतचा पुतळा होता. डोक्यावर पदर, गळ्यात मण्यांची माळ, कानाची पाळी दागिन्यानं ओघळलेली, सगळं कसं जिवंत. डोळ्यांच्या जागी मात्र नुसते गुळगुळीत पांढरे फुगवटे.

“ही रोह्याची एस्थरबाई. तेलाचा घाणा होता त्यांचा,” मॅडम म्हणाल्या. “हिला फक्त धुवायचं. रंगाचा एक थेंब नको, नाथाभाऊ.”

“व्हय मॅडम,” नाथा म्हणाला. ऐकलं होतं त्यानं. नीट ऐकलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तो सगळ्यांना उलटंच सांगणार होता.

दुपारी मालू डबा खायला बाहेर गेली. नाथा एकटाच त्या पांढऱ्या फुगवट्यांसमोर बसला. एवढं सुंदर काम आणि अर्धवट! कुणा भल्या माणसानं इथवर आणलं आणि ऐन वेळी त्याचा हात कचरला, असं नाथाला वाटलं. हात शिवशिवायला लागला. दाखवूच म्हणाला एकदा यांना, आखणी कशाला म्हणतात ते. मालूच्या पिशवीत टवक्यांवर लावायचे रंग होते, ते त्यानं काढले. आधी उजवा डोळा, मग डावा. शेवटी दोन ठिपके.

दुसरा ठिपका पडला आणि खोलीतला चुन्याचा वास गेला. त्या जागी ताज्या तिळाच्या तेलाचा वास आला, घाण्यातून आत्ताच निघाल्यासारखा. नाथानं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इझिकेलआजोबा आले. एस्थरबाईचा नातू, वय ऐंशीच्या पुढं. त्यांची सगळी माणसं कधीच इस्रायलला गेली. हे एकटे रोह्यात राहिलेले. दुरुस्त होणाऱ्या आजीला बघायला मॅडमनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आजोबा कौतुकानं आत आले, पुतळ्यासमोर उभे राहिले, आणि दोन पावलं मागं सरले.

“हे कोणी केलं?”

मॅडमनी पुढं होऊन पाहिलं, डोळे त्यांनाही आत्ताच दिसत होते.

“आमच्या ज्यू लोकांत माणसाची मूर्त करत नाय,” आजोबा हळूच म्हणाले. “तो शिल्पकार दोन वर्षं मागं लागलेला. शेवटी आजी म्हणाली, कर बाबा, पण डोळे देऊ नको. डोळे नसले तर ती मी नाय, नुसतं प्लास्टर हाय. त्यानं शब्द दिला, पाळला. शंभर वर्षं झाली... आणि आता...”

अपेक्षा मॅडम गर्रकन वळल्या. “नाथाभाऊ?”

त्या क्षणी खरं बोलला असता तर काय झालं असतं? चार शब्द ऐकावे लागले असते, एवढंच. पण तीस वर्षांचं नाव, त्या म्हाताऱ्याचं थरथरतं तोंड, आणि मॅडमच्या कपाळावरची ती आठी... नाथाची जीभ आपोआप वळली.

“मी फक्त धुतलं मॅडम. रंग मालूच्या पिशवीत असतात.”

मालूनं त्याच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. ज्यानं काम दिलं त्यालाच खोटं कसं पाडायचं, असं तिला वाटलं असेल. तिनं पिशवी उचलली आणि गेली. आठवड्याच्या आत ही गोष्ट हमरापूरला पोचली. सांगितलेलं ऐकत नाही, दुसऱ्याच्या मूर्तीला हात लावते, अशी बाई कोण ठेवणार? तिथल्याही कारखान्यांनी तिला घासकाम द्यायचं बंद केलं. नाथाला घास गोड लागेना. लाज अशी की बायकोनं पान वाढलं तरी मान वर करवेना. पण बोलला मात्र नाही.

डोळे पुसायचं काम मॅडमनी त्यालाच दिलं. “तुमचाच हात हलका,” म्हणाल्या. ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. त्यानं टर्पेंटाइननं रंग उतरवला, बारीक कागदानं घासलं, फुगवटे पुन्हा पांढरेशुभ्र झाले.

सकाळी बघतो तर डोळे होते. त्याच जागी, त्याच्याच हातचे. कुणाला कळायच्या आत त्यानं परत पुसले. दुसऱ्या सकाळी परत होते. आता ते समोर नव्हते बघत, नाथा जिथं उभा राही तिकडं वळलेले असत. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं त्यानं. शेजारणीनं आपल्याला चोरी करताना बघावं आणि तिलाच ओशाळं व्हावं, तसं ते बघणं होतं.

“पुसतो गो माय,” तो पुटपुटला. “आता येऊ नको...”

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर त्यानं खोलीचं दार उघडलं. पुतळ्यावर रंग नव्हता. फुगवटेही नव्हते. तिथं पापण्या होत्या, प्लास्टरच्या, बारीक सुरकुत्यांसकट. घट्ट मिटलेल्या.

नाथा चपला न घालताच बाहेर पडला. आता पुरे झालं, म्हणाला. मॅडमना उद्या सांगू, आजोबांच्या पाया पडू, पण आधी मालू. रिक्षा हमरापूरला पोचेपर्यंत त्यानं मनाशी वाक्यसुद्धा जुळवलं: मालू, डोळे मी काढले, खोटं बोललो, मला माफ कर. एवढंच तर बोलायचं होतं.

दिवेलागणीची वेळ. मालू दारातच उभी होती, वाट बघत असल्यासारखी. घरात दिवा नव्हता.

“आलात?” ती म्हणाली. “ती म्हणालीच, येईल म्हणून.”

“कोण गो?”

“दुपारी एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, भिंत चाचपत. म्हटलं, आजी, दिसत नाय का? तर म्हणाली, दिसतं गो, पण एक तोंड असं हाय की बघवत नाय.” मालूचा आवाज अगदी खाली आला. “काय काम काढलंत नाथाभाऊ?”

वाक्य तोंडाशी आलं होतं. पलीकडच्या ओट्यावर दोन बायका बसल्या होत्या. त्यांनी बोलणं थांबवून इकडं पाहिलं. सगळ्या गावाला उद्या कळणार...

“काय नाय. सहज आलेलो, तुझी चौकशी करायला.”

मालू दारातून बाजूला झाली.

“मग या आत.”

“नको, आता उशीर...”

“यावं लागेल, नाथाभाऊ,” ती म्हणाली, आणि तिला रडू येत होतं. “ती आत बसलीय. म्हणाली, खरं बोलला तर दारातनंच परत पाठव. खोटं बोलला तर आत घे.”

आतल्या अंधारात कुणीतरी भिंतीला हात धरून हळूहळू उठत होतं.