बाळांच्या खोलीतला दिवा

मुलगी आत बाळंत होत असताना बाहेर बाकावर नुसतं बसून राहणं वायरमनला जमण्यासारखं नव्हतं. सकाळी सातला तिला प्रसूतिगृहात आणलं. आठपर्यंत त्याच्या व्हरांड्यातल्या सगळ्या फरशा मोजून झाल्या, आणि नवाला जावई त्याच्यापेक्षाही पांढराफटक दिसायला लागला म्हणून मुलीच्या सासूबाईंना आणायच्या निमित्ताने त्याला घरी पिटाळलं. आता करायला काहीच उरलं नव्हतं. तेवढ्यात मोठ्या सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या.

“वायरमनकाका, बरे सापडलात! गेल्या महिन्यात बाळांच्या खोलीत तुम्ही दिवा बसवून गेलात, तो भलताच आगाऊ आहे.”

“सेन्सर आहे तो, सिस्टर. माणूस आला की दिवा लावतो. कोणी हललं नाही की दहा मिनिटांनी घालवतो.”

“तेच तर करत नाही ना! आम्ही समोर नाचलो तरी ढिम्म. आणि खोली रिकामी असली की आपला आपण लावतो. दिवा लागला की थोड्या वेळात बाळ येतं. आमच्या पोरी तर आता दिवा लागला की दुपटी शेकायला घेतात.”

वायरमन मनापासून हसला. तीस वर्षांत त्याने काय काय ऐकलं होतं! पाहुणे आले की पंखा कुरकुरतो, सासू दारात असली की घंटा वाजत नाही. शेवटी दर वेळी कुठला तरी स्क्रू सैल निघायचा. त्याने गाडीतून शिडी आणली. हातात पेचकस आला तशी छातीतली धडधडही जरा कमी झाली.

खोली बिनखिडकीची होती. चार पाळणे, भिंतीवर घड्याळ, आणि छताच्या मधोमध वाटीएवढा पांढरा सेन्सर. उजेडासाठी दार सताड उघडं ठेवून तो शिडीवर चढला. झाकण काढलं. आतल्या तिन्ही वायरी जागच्या जागी घट्ट. एसीचा झोत सेन्सरवर येत असेल म्हणून एसीची झडप वळवली. सेन्सरला दोन बारीक बटणं होती, एक नजरेचं आणि एक वेळेचं. नजरेचं त्याने पार टोकाला नेलं.

“हं, चाला आता, सिस्टर.”

सिस्टर चालल्या. हात हलवले. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून एक गिरकीही घेतली. खोलीत अंधारच.

“बायकांना भाव देत नाही वाटतं,” वायरमन म्हणाला आणि स्वतः खाली उतरून दोन फेऱ्या मारून आला. त्यालाही दिला नाही.

हा आता बदलावाच लागणार, असं तो म्हणत होता, तोच टिक असा आवाज झाला आणि दिवा लागला. दोघंही जागेवरून हलले नव्हते. घड्याळात साडेदहा वाजले होते.

“बघा,” सिस्टर म्हणाल्या आणि लगबगीने गेल्या. दहा चाळीसला त्या परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात कुणाचा तरी लालबुंद मुलगा होता.

योगायोग, वायरमन स्वतःशी म्हणाला. मात्र वेळेचं बटण त्यानेच दहा मिनिटांवर ठेवलं होतं. ते काही त्याच्या डोक्यातून जाईना. बाळाला त्याच्या आईकडे नेल्याबरोबर दिवा गेला. मग त्याने बटण पाचवर आणलं, सहज, गंमत म्हणून. बारा वीसला दिवा लागला. बारा पंचवीसला दुसऱ्या कुणाची मुलगी आली, तीही टाहो फोडत.

वायरमनच्या अंगावर काटा आला. पण भीतीच्या मागोमाग त्याला आनंदही झाला, आणि त्या आनंदाची त्याला जरा लाजच वाटली. डॉक्टरीणबाई मघाशीच सांगून गेल्या होत्या की बाळ अडून बसलंय, चारपर्यंत वाट बघू, नाहीतर ऑपरेशन. आपल्याला आधी कळणार असेल तर कळून का घेऊ नये? तो शिडीवर चढला आणि बटण शेवटच्या आकड्यावर, तीसवर नेऊन ठेवलं.

आत आता त्याची मुलगीच तेवढी उरली होती. तो मान वर करून बसला. दीड वाजला. दोन वाजले. त्या वाटीएवढ्या डबीला त्याने इतकी गळ घातली, की तेवढी आयुष्यात कुणालाच घातली नसेल. अडीचलाही अंधारच होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी दिवा लागला.

“सिस्टर, लागला! माझा लागला!” तो पॅसेजभर ओरडत सुटला. सिस्टर हसून आत पळाल्या. “तीन चाळीस बरं का, आजोबा!”

तो परत येऊन शिडीपाशी उभा राहिला, आणि भिंतीपलीकडून मुलीची किंकाळी आली.

लहानपणी तिचा गुडघा फुटला तर घर डोक्यावर घ्यायचा तो हाच. दुसरी किंकाळी आली. तिसरी त्याला ऐकवेना. अजून अर्धा तास हे असंच?

तो शिडी चढला. बटणावर पेचकस ठेवला आणि तीसवरून थेट एकवर फिरवला.

दिवा गेला.

पलीकडचा आवाजही थांबला.

टिक. दिवा पुन्हा लागला.

तो शिडीवरून उतरला आणि सिस्टर दारात.

“घ्या, नात! काय पळत आलीय हो! डॉक्टरीणबाई म्हणतात, असं कधी बघितलं नाही.”

घड्याळात तीन वाजून तेरा मिनिटं झाली होती. वायरमनने नातीला खांद्यावर घेतलं. तो हसत होता, रडत होता, आपण काय करतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. नातीने आजोबांच्या खांद्यावर छानपैकी ढेकर दिला. शर्टावर काहीतरी कोमट ओघळलं.

दूध होतं.

“इतक्यात पाजलंतसुद्धा?”

“छे हो! नाळ कापली आणि सरळ इकडे आणली. आईने अजून घेतलंही नाही.” बोलता बोलता सिस्टरचं लक्ष शर्टाकडे गेलं. त्यांनी पदराने तो डाग पुसून टाकला.

मुलगी दमून पडली होती, पण चेहरा फुललेला होता. त्याने बाळ तिच्या कुशीत ठेवलं.

“घे. पहिल्यांदाच घेतेयस, नीट धर.”

“पहिल्यांदा कुठे, बाबा?” ती हसली. “चांगलं अर्धा तास पाजलं की मी हिला. दिवे गेले होते ना, म्हणून चेहरा तेवढा दिसला नव्हता.”